बाबांच्या डब्यात दोन पितळी क्लिपा आणि आकड्यांची एक ओळ सापडली, इथे कोणी नेव्हीतले जुने सिग्नलवाले आहेत का?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. माझे बाबा नेव्हीत सिग्नलमन होते, रिटायर होऊन जमाना झाला. परवा कपाट आवरताना बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला, त्यात अंगठ्याएवढ्या दोन पितळी क्लिपा, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या आणि एका बाजूला फट असलेल्या, आणि एक खिशात मावेल एवढी वही. वहीत बहुतेक सगळं पुसट झालंय पण पहिल्या पानावर ठळक लिहिलंय : २५३ २६९ ८६३ २६१ ४७१ ९५८ २२० ३७० ४ २१ १९ २४. बाबांना विचारलं तर हसले आणि म्हणाले शोध तूच.

खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. मला त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्यात पण फोन समोर ठेवला की म्हणतात "काय सांगायचं, नोकरी केली झालं." आणि त्यांच्या बॅचचे एक काका फोन करतात तेव्हा हाच माणूस दीड तास खिदळतो, त्यातलं मला अर्धं कळत नाही. तर एक, हे आकडे नि क्लिपा काय आहेत, आणि दोन, यांना बोलतं कसं करायचं?

जुना_बंट

ताई क्लिपांचं वाचून हात शिवशिवले बघ. त्या इंगलफिल्ड क्लिपा, १८९० च्या सुमाराला इंगलफिल्ड नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने काढलेल्या. प्रत्येक सिग्नल झेंड्याच्या दोरीला वर एक आणि खाली एक असते, दोन क्लिपा एकमेकींना काटकोनात धरायच्या, फटीतून फट सरकवायची, कट्ट, बसली. गाठ नाही काही नाही. तीन झेंड्यांची माळ काही सेकंदात तयार. अंधारात सुद्धा, कारण झेंडे लाकडी खणांत ठेवलेले असतात आणि कुठल्या खणात काय हे डोक्यात नाही, हातात असतं. मला आज विचारलंस की अमुक झेंडा कितव्या खणात तर सांगता येणार नाही पण खण समोर आणलेस तर हात बरोब्बर जाईल.

लोकांना वाटतं झेंडा वर चढला की हुकूम सुटला. तसं नाही. मुख्य जहाजाने माळ वर चढवली की बाकीच्यांनी उत्तराचा लांबट झेंडा, आन्सरिंग पेनंट, अर्ध्यावर चढवायचा, म्हणजे दिसलं. पुस्तकात बघून अर्थ लागला की तोच पार वरपर्यंत, म्हणजे समजलं. आणि मुख्य जहाजाने माळ खाली ओढली की तो क्षण म्हणजे 'करा'. तोवर ब्रिजवर सगळे श्वास रोखून आणि तुझी नजर त्या एका दोरीवर, शिंक आली तरी गिळायची.

माझ्या हातून एकदा दोरीचं टोकच सुटलं. वारा असा की झेंडे वर आडवे फडफडतायत, खाली ओढायला दोरीच नाही, म्हणजे आम्ही हुकूम पूर्ण करायचाच नाही अशी पाटी लावून फिरतोय. योमनने, म्हणजे आमच्या सिग्नलवाल्यांच्या वरिष्ठाने, जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. मास्टवर चढून मीच टोक आणलं, आणि पुढे महिनाभर जो भेटेल तो मला फक्त "टोक धर रे" एवढंच म्हणायचा. तुझ्या बाबांकडे पण असलं एक असणार, ते काका फोनवर तेच काढत असतील, लिहून ठेव.

दुर्बीणवाला

आकडे माझ्याकडून. वडिलांनी तुम्हाला मस्त कोडं घातलंय. २१ ऑक्टोबर १८०५, ट्रफाल्गरच्या लढाईआधी ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनने व्हिक्टरी जहाजावरून आपल्या ताफ्याला जो संदेश दिला तो हा, प्रत्येक माणूस आपलं कर्तव्य बजावेल अशी इंग्लंडची अपेक्षा आहे. पॉपहॅम नावाच्या अधिकाऱ्याने शब्दांना आकडे देऊन एक कोश बनवला होता, तो वापरला. २५३ म्हणजे इंग्लंड, २६९ म्हणजे एक्स्पेक्ट्स, असं ३७० पर्यंत आठ शब्द, प्रत्येकी तीन झेंडे. शेवटचा शब्द ड्यूटी, तो कोशात नव्हता म्हणून अक्षर अक्षर करून, ४ २१ १९ २४. एकूण १२ वेळा चढवणं आणि ३१ झेंडे.

आता कोणी बोटं मोजून म्हणेल यू हे एकविसावं अक्षर, बरोबर, पण मग टी विसावं, इथे १९ कसं? कारण त्या यादीत आय आणि जे एकच धरलेत, आणि व्ही यूच्या आधी घेतलाय. म्हणून टी १९, व्ही २०, यू २१. वडिलांनी २१ बरोबर लिहिलंय म्हणजे नीट शिकलेत.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच. नेल्सनला आधी 'कन्फाइड्स' म्हणजे विश्वास आहे असं म्हणायचं होतं. सिग्नल बघणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला साहेब तो शब्द कोशात नाही, पूर्ण स्पेलिंग करावं लागेल, 'एक्स्पेक्ट्स' आहे, तो घेऊ का? नेल्सन म्हणाला घ्या. इतिहासातलं एवढं गाजलेलं वाक्य, आणि त्यातला महत्त्वाचा शब्द झेंडेवाल्याने मेहनत वाचवायला बदलून घेतलाय!

नवखा०७

विचारल्याशिवाय राहवत नाही, राग नका मानू. सॅटेलाइट आहे, सगळं एन्क्रिप्टेड आहे, मग हे झेंडे आणि दिवे म्हणजे आता फक्त परेडची शोभा ना?

जुना_बंट

बाळा रेडिओ चालू केलास की तू कुठे आहेस हे ज्याला कळू नये त्यालाही कळतं. दिव्याचा झोत एका जहाजाकडे रोखला की तो त्या बाजूलाच जातो, म्हणून दिवे अजून जहाजांवर आहेत. पण झेंड्यांबद्दल उगाच गळा काढणाऱ्यातला मी नाही. २२ जून १८९३ ला लेबनॉनच्या ट्रिपोलीजवळ ब्रिटिश नौदलाची व्हिक्टोरिया आणि कॅम्परडाऊन ही जहाजं एकमेकांवर आदळली. दोन रांगांमधलं अंतर कमी आणि अ‍ॅडमिरल ट्रायनचा हुकूम दोन्ही रांगांनी आत वळायचं. पलीकडच्या रांगेच्या प्रमुखाला शंका आली म्हणून उत्तराचा झेंडा त्याने अर्ध्यावरच ठेवला, तर ट्रायनने त्यालाच विचारलं कशाची वाट बघताय. मग वळले. ३५८ माणसं गेली, ट्रायन धरून. सिग्नल अचूक पोचला होता, चूक सिग्नलमध्ये नव्हती. दोरी हातात धरणाऱ्याला हे फार लवकर कळतं, की तुझं काम पोचवणं, पोचवलेलं बरोबर आहे का ते वेगळं.

की_खाली

बंट साहेब छान, उन्हात उभं राहून कातडी टॅन करणाऱ्यांनी बरंच लिहिलं, आता आम्हा स्पार्कर म्हणजे रेडिओवाल्या लोकांचं पण ऐका, आम्ही आत डब्यात कानाला हेडफोन लावून बसलेले.

ताई, मोर्स कोणी मोजत नाही. टिंब किती डॅश किती मोजायला लागलात तर पुढची तीन अक्षरं गेली. ते कानाला शब्दासारखं ऐकू येतं, हात आपोआप लिहितो, मी तर लिहिता लिहिता शेजारच्याशी जेवणाबद्दल बोललोय. आणि प्रत्येकाचा हात वेगळा, त्याला फिस्ट म्हणतात, कधी न पाहिलेला माणूस नुसत्या की (मोर्स पाठवायची कळ) मारण्यावरून ओळखायचो आम्ही, आज याचं डोकं दुखतंय हे पण कळायचं.

५०० किलोहर्ट्झ ही संकटकाळाची फ्रीक्वेन्सी. रेडिओ रूमच्या घड्याळावर लाल पट्टे असायचे, १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं, दर तासाला दोनदा तीन तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ऐकायचं, कोणी बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज यावा म्हणून. आख्ख्या समुद्रात एकदम शांतता. १९९९ च्या फेब्रुवारीपासून व्यापारी जहाजांना मोर्सची सक्ती उरली नाही आणि ते सगळं संपलं. मला अजून घड्याळात काटा पंचेचाळीसवर गेला की बोलता बोलता थांबायची सवय आहे, बायको म्हणते झालं, लागला याचा दौरा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रेकॉर्डर समोर ठेवून मुलाखत घेऊ नका. आमचं काम एकट्याने होतच नाही, दिवा वाचणारा डोळे हलवत नाही, तो अक्षरं बोलतो आणि बाजूचा पॅडवर लिहितो. समोरचा नसेल तर बोलणार कुणाशी? त्या काकांना घरी बोलवा आणि मधे क्लिपा ठेवून तुम्ही चहा करायला जा. किंवा दिव्याने बोला, टॉर्चची उघडझाप करून मोर्समध्ये. समोरून शब्द कळला की बाबा एक लांब चमक देतील, ती मोर्समधली टी. चमक आली नाही तर तोच शब्द परत पाठवायचा.

गच्चीवरची

सगळ्यांचे आभार, दुर्बीणवाले दादा तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं, १९ आणि २१ चं ऐकून म्हणाले "हा माणूस शिकलेला दिसतो."

काल रात्री दिव्याचं केलं. मी गच्चीवर, बाबा खाली अंगणात खुर्चीत. टॉर्चवर हात धरून बी ए बी ए. काहीच नाही. परत पाठवलं, परत काही नाही, खुर्चीत तसेच बसलेले, मला वाटलं झोपले. मग लक्षात आलं मी अक्षरांच्या मधे थांबतच नव्हते, सगळं एकच लांबलचक शेपूट जात होतं. तिसऱ्यांदा हळू, मोजून मोजून पाठवलं. खालून एक लांब चमक आली!! त्यांनी टॉर्च आधीच मांडीखाली घेऊन ठेवलेला.

मग त्यांनी स्वतःहून काहीतरी पाठवलं, मी घाईघाईत तळहातावर लिहिलं, लांब आखूड लांब. एवढंच. खाली जाऊन विचारलं तर सांगत नाहीत. काय असेल?

की_खाली

के. म्हणजे पुढे बोल, मी ऐकतोय.

गच्चीवरची

अरे देवा. आणि मी टॉर्च बंद करून खाली निघून आले. आज रात्रीसाठी चार वाक्यं कागदावर टिंब-डॅश करून घेतेय, कोणी तपासून देईल का, परत शेपूट नको व्हायला.