मदत हवी आहे: वीज गेल्यावर रास्पबेरी पाय नीट बंद व्हावा आणि वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावा, यासाठी जोडणी कशी करावी?

नमस्कार.

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पंपघरात एक रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे 'बोर्ड' किंवा 'पाय') बसवलेला आहे. जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी मोजणे, ठरलेल्या पातळीला पंप चालू-बंद करणे आणि मिनिटामिनिटाची नोंद एसक्यूलाइटच्या (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) फाइलमध्ये ठेवणे, एवढेच त्याचे काम आहे. महापालिकेचे पाणी किती आले आणि टँकर मागवायचा की नाही, हे या नोंदींवरून ठरते. नोंदी चुकल्या की एक तर टँकरचे पैसे फुकट जातात, नाही तर वरच्या मजल्यांवरील वयस्कर मंडळींना सकाळी पाण्यावाचून खोळंबावे लागते. म्हणून प्रश्न थोडा सविस्तर मांडत आहे.

गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल तर ते आधी कळते आणि त्याआधी बोर्ड हाताने बंद करता येतो. खरी अडचण वळवाच्या पावसात अचानक जाणाऱ्या विजेची आहे. वीज गेली की जनरेटर सुरू होऊन भार त्यावर जाईपर्यंत काही सेकंद सर्व अंधार असतो, आणि वीज परत आली की चेंजओव्हरच्या वेळी, म्हणजे भार जनरेटरवरून पुन्हा मुख्य विजेवर जाताना, पुन्हा एक क्षण पुरवठा तुटतो. म्हणजे वीज एकदा गेली तरी बोर्डाला धक्के दोन बसतात. त्यातला दुसरा अधिक वाईट, कारण पहिल्या धक्क्यानंतर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आपले जर्नल (बदलांची नोंदवही) तपासून उभी राहत असते किंवा नुकतेच लेखन सुरू झालेले असते, तेवढ्यात तो बसतो.

याचे परिणाम दोन प्रकारचे दिसतात. डेटाबेस उघडत नाही आणि 'डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' असा संदेश येतो, हा पहिला. दुसरा लवकर लक्षात येत नाही. पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. सुरू झाल्यावर तो शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाल्यावर वेळ दुरुस्त करतो. आमचा राउटर बोर्डापेक्षा उशिरा उभा राहतो. त्यामुळे वीज आल्यानंतरच्या पहिल्या काही नोंदींवर वीज जाण्यापूर्वीची वेळ पडते, आणि आलेखात टाकी एकाच वेळी भरलेलीही दिसते आणि रिकामीही.

आतापर्यंत केलेले उपाय असे: ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर लावला आहे. एसडी कार्डाऐवजी यूएसबीवरील एसएसडीवरून बूट करतो. एसक्यूलाइट वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालवतो. डीएस३२३१ हे घड्याळ आणून नेहमीच्या आय-टू-सी पिनांवर (दोन तारांवरून सुटे भाग जोडण्याची सोय), म्हणजे जीपीआयओ (बोर्डावरील संकेत घेण्या-देण्याच्या पिना) २ आणि ३ वर जोडले आहे. ते अजून सेटिंगमध्ये सुरू केलेले नाही. पॉवर बँक लावून पाहिली, परंतु चार्जिंग तुटताच तिचे आउटपुट क्षणभर बंद पडते आणि बोर्ड रीसेट होतो. तेव्हा तो मार्ग सोडला. आता राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि त्यापुढे ५.१ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे सर्किट), अशी जोडणी करण्याचा विचार आहे.

याखेरीज एक वेगळी खूण दिसते, तिचा अर्थ मला लागत नाही. वीज व्यवस्थित असतानाही पंप सुरू होताना कॉन्टॅक्टरचा (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) 'खट्' असा आवाज होतो आणि त्याच क्षणी बोर्डावरील लाल दिवा मालवून पुन्हा लागतो. तो दिवा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली घसरल्याचे सांगतो. त्यानंतर 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा दिली की ५०००० हा आकडा येतो, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते आणि वेगही कमी करावा लागला होता. मल्टिमीटर मात्र पूर्ण वेळ ५.०५ दाखवतो. काही वेळा पंप बंद होताना बोर्ड सरळ रीसेट होतो, आणि मग हा आकडा पुन्हा शून्य झालेला असल्यामुळे कारण हाती लागत नाही.

तासन्‌तास चालणारा बॅकअप मला नको आहे. वीज मिनिटभरात आली नाही तर बोर्ड सर्व फाइली नीट बंद करून शांतपणे बंद व्हावा, आणि वीज आल्यावर रखवालदाराला पंपघरात न पाठवता तो सुरू व्हावा, इतकेच हवे आहे. अडते ते दुसऱ्या भागात. बोर्ड बंद झाला पण यूपीएसमध्ये जीव शिल्लक आहे, आणि तेवढ्यात वीज आली, तर बोर्डाच्या दृष्टीने पुरवठा कधी तुटलाच नाही. तो तसाच बंद पडून राहील. ही गाठ कशी सोडवावी? शिवाय पंपाच्या वेळी होणारी घसरण हा याच दुखण्याचा भाग आहे की वेगळा दोष?

प्रतिसाद:

नमस्कार. आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पंपाची घसरण हा वेगळा दोष आहे आणि तो आधी काढावा, नाही तर यूपीएस लावूनही रीसेट होतच राहतील.

अधिकृत अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. मोटर सुरू होताना २३० चे १८० झाले तरी त्याचे आउटपुट हलण्याचे कारण नाही. मग ५ व्होल्टच्या बाजूलाच कोणीतरी एकदम प्रवाह ओढत असले पाहिजे. रिले बोर्डाला (पायच्या संकेतावर कॉन्टॅक्टर चालवणारे स्विच असलेला वेगळा बोर्ड) पुरवठा पायच्याच ५ व्होल्टच्या पिनेवरून दिला आहे का, ते पाहावे. एसएसडी, सेन्सर आणि रिले यांचा भार एकाच वेळी आला की अडॅप्टरची तार आणि सैल कनेक्टर यांत होणारी घट पुरेशी ठरते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांची घट त्याच्या नजरेत येत नाही. पंप बंद होताना होणारा रीसेट मात्र बहुधा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमुळे आहे: प्रवाह तुटताच कॉइल मोठा व्होल्टेजचा झटका मारते. कॉइलवर आरसी स्नबर (हा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावावा आणि सेन्सरच्या तारा पंपाच्या केबलपासून दूर न्याव्यात.

आता पुन्हा सुरू होण्याबद्दल. पाय ४ बंद अवस्थेत असताना जीपीआयओ ३ क्षणभर ग्राउंडला जोडला की तो जागा होतो. वीज आल्याची खूण ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशातून संकेत देऊन दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग) तेथे देता येईल. पण आपले घड्याळही त्याच पिनेवर आहे. पाय ४ वर आय-टू-सीच्या इतर जोड्या उपलब्ध आहेत. घड्याळ त्यांपैकी एकीवर हलवावे.

दुसरा मार्ग 'जीपीआयओ-पॉवरऑफ' ओव्हरलेचा (पायच्या सेटिंगमध्ये चालू करायची जोड) आहे. बोर्ड पूर्ण थांबल्यावर तो जीपीआयओ २६ वर संकेत देतो आणि त्या संकेतावर मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) यूपीएसचा पुरवठाच तोडता येतो. पुरवठा तुटला की ती पिनही मेलेली असते, म्हणून संकेत धरून ठेवणारा लॅच आणि काही सेकंदांनी, वीज असेल तरच, पुरवठा पुन्हा जोडणारा टाइमर लागेल. हे दोन मार्ग एकत्र वापरता येत नाहीत, कारण हा ओव्हरले लावला की जीपीआयओ ३ ने जागे करण्याची सोय बंद होते. देखरेखीला माणूस नसलेल्या ठिकाणी मी दुसरा निवडीन. त्यात बोर्ड अडकून बसला तरी पुरवठा तोडण्याचा उपाय हातात राहतो. वीज असल्याची खूण ज्या पिनेवर घ्याल तिला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. आणि गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच कॉन्टॅक्टरच्या सर्किटमध्ये थेट राहू द्या, म्हणजे बोर्ड बंद असला तरी टाकी वाहणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. रिले बोर्ड खरोखरच पायच्या ५ व्होल्टवर होता. त्याला वेगळा अडॅप्टर दिल्यापासून पंप सुरू होताना लाल दिवा स्थिर राहतो. पंप बंद होतानाचा रीसेट अजून अधूनमधून होतो. स्नबर तपकीर गल्लीतून आणून लावतो. फ्लोट स्विच पूर्वीपासूनच कॉन्टॅक्टरच्या सर्किटमध्ये आहे.

लॅच आणि टाइमरचा मार्ग पटला. एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. मॉस्फेटने पुरवठा तोडला की यूएसबीवरील एसएसडीचा पुरवठाही त्याच क्षणी जातो. जीपीआयओ २६ चा संकेत फाइल सिस्टिम नीट बंद झाल्यानंतरच येतो हे समजले, परंतु एसएसडी आपल्या आतील कॅशमधील (तात्पुरत्या साठ्यातील) डेटा त्यानंतरही लिहीत असू शकते. संकेत आणि प्रत्यक्ष तोडणी यांमध्ये कपॅसिटर लावून पाच-दहा सेकंदांचा विलंब ठेवणे पुरेसे होईल का, आणि कोणी अशी जोडणी पावसाळाभर चालवली असल्यास त्यांनी किती विलंब ठेवला आहे?