सहा गाणी तयार आहेत, एकदम सोडू की दर महिन्याला एक?

परळचा_पेटीवाला:
मंडळी, दोन वर्षं रखडत रखडत सहा गाणी झाली एकदाची, मास्टर, म्हणजे शेवटच्या पक्क्या फाइल, येत्या आठवड्यात हातात येतील. सगळी एकाच चाळीवरची आहेत, पहिल्यात पहाटे नळाला पाणी येतं आणि सहाव्यात खोल्या रिकाम्या होऊन बिल्डरचे पत्रे लागतात. आता जो भेटतो तो एकच सांगतो, दर पाच-सहा आठवड्यांनी एक सिंगल टाक, अल्गोरिदमला खायला घालत राहा. मला हे अजिबात पटत नाही. आज वरण, पाच आठवड्यांनी भात असं कोणी वाढतं का? सहाही एका दिवशी, अल्बम म्हणून, ज्याला ऐकायचंय तो ऐकेल. बोला, कुठे चुकतोय.

बोरिवली_बेस:
ताट वाढ रे, पण पंगतीला कोण बसलंय ते तरी बघ. स्पॉटिफायवर प्लेलिस्ट लावणाऱ्या एडिटोरियल टीमला गाणं पिच करता येतं, म्हणजे सुचवता येतं, ते फक्त रिलीजच्या आधी, आणि एका वेळी एकच. लाइव्ह गेलं की खेळ खलास. म्हणजे सहाच्या अल्बममधलं एक पिच होणार, पाच वाऱ्यावर. सिंगल काढलेस तर प्रत्येकाला चान्स. वर किमान सात दिवस आधी पिच केलंस तर तू निवडलेलं गाणं तुझ्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे दर शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं, तिथेही एका आठवड्यात एका आर्टिस्टचं एकच.

आणि तुझी चाळ मोडत नाही, वॉटरफॉल कर. दुसरं गाणं टाकताना पहिलं त्याच्यामागे जोड, तिसऱ्याला आधीची दोन, असं करत शेवटी सहा एकत्र. फक्त ऑडिओ फाइल आणि आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, तोच ठेव, मग आधीचे स्ट्रीम टिकतात. नवीन कोड घेतलास की पुन्हा शून्यापासून.

गिरगावची_गायिका:
बेसदादा, कागदावर झकास आहे हो. मी गेल्या वर्षी पाच सिंगल केले. प्रत्येकाचं वेगळं कव्हर, रील, पोस्टर, व्हॉट्सॲपवर तेच 'ऐका आणि शेअर करा'. तिसऱ्यापर्यंत लोकांनी कौतुक केलं, चौथ्याला सख्ख्या मावशीने अंगठा टाकून विषय संपवला. गाणं करायला लागला तेवढाच वेळ ते विकायला गेला आणि पाचवं मी थकून कसंतरी ढकललं, ऐकून कळतंपण.

पैशाचं तर बोलूच नका. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच धरत नाहीत. माझी पाचातली दोन पार झाली. आता नियम गाण्यागणिक आहे त्यामुळे अल्बम काढला असता तरी तेच झालं असतं, हे मान्य. पण मग सिंगलमुळे कमाई होते ही थाप कशाला?

मीटरडाऊन:
तुम्ही दोघं स्पॉटिफाय आणि त्याच्या शुक्रवारच्या भजनी लागलायत. शुक्रवार हा जागतिक रिलीजचा दिवस ठरला 2015 च्या जुलैत, त्यात आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे गाणं कॅलेंडरवर चालतं. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कला जाऊन बघा, पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांचे स्टॉल लागतात, आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. ते गाणं कोणाच्या प्लेलिस्टची वाट बघत नाही. गणपतीचं तेच, मंडळाच्या स्पीकरवर एकदा चढलं की दहा दिवस गल्ली ऐकते. पेटीवाले, सहात गणपतीचं एखादं आहे का? असेल तर तेवढं आधी काढा, बाकीचं मागाहून बघू.

परळचा_पेटीवाला:
आहे, तिसरं. आणि त्याच जखमेवर हात ठेवलात. गेल्या वर्षी असंच एक आरतीच्या चालीचं गाणं केलेलं. चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी. मी शहाणा, सोमवारी 18 ला अपलोड करून 22 चा शुक्रवार टाकला. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ॲपवर गाणी चढवणाऱ्या कंपनीकडे, कव्हरवरून अडकलं, मेलला उत्तर नाही, आणि लाइव्ह कधी गेलं तर 5 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. बाप्पा निघाले आणि माझं गाणं आलं. पिच तर केलंच नव्हतं.

बोरिवली_बेस:
मग दोष सिंगलचा कुठे, चार दिवस आधी अपलोड करायचा आहे! चार आठवडे हातात ठेव. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबर, सोमवार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अपलोड कर, आरामात पिच कर, 4 सप्टेंबरच्या शुक्रवारी सोड, मंडळांना दहा दिवस मिळतात. मीटरडाऊनचं कॅलेंडरपण राहतं, माझा शुक्रवारपण.

गिरगावची_गायिका:
हे चालेल. एक सिंगल गणपतीचा, बाकी पाच त्याच्यासकट दिवाळीनंतर अल्बम. पाच वेळा रील नाचवायला नको. आणि पेटीवाले, शब्द-चाल तुमची असेल तर आयपीआरएसला, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, नोंद करा, डिस्ट्रिब्युटर फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो, गीतकार-संगीतकाराचा वाटा वेगळा असतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मीटरडाऊन:
आणि इन्स्टावर 'स्वस्तात दहा हजार स्ट्रीम' म्हणणारे मेसेज करतील त्यांना ब्लॉक. माझ्या ओळखीतल्या एकाने घेतले, गाणंच उडालं. शिवाय एकाच ॲपवर विसंबू नका, विंक हे गाण्यांचं ॲप 2024 मध्ये बंद झालं तेव्हा तिथल्या प्लेलिस्ट गेल्याच ना. यूट्यूबवर टाका, मंडळाच्या पोरांकडे सरळ एमपी3 द्या.

परळचा_पेटीवाला:
म्हणजे तिसरं गाणं पहिलं. चाळीत गणपती आधी आणि पाणी नंतर. बरं, अवघड आहे पण बघतो.

बोरिवली_बेस:
मुखडा किती सेकंदाला येतो त्यात? 30 सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजतात म्हणून विचारतोय.

परळचा_पेटीवाला:
52. आधी नुसती मृदंग आणि जिन्यावरून पाट आणताना होतो तो गोंधळ आहे, खरा रेकॉर्ड केलेला.

बोरिवली_बेस:
52??? काप रे बाबा, निदान अर्धं.

परळचा_पेटीवाला:
त्या गोंधळात वडिलांचा आवाज आहे. नाही कापत.

गिरगावची_गायिका:
कापू नका.

बोरिवली_बेस:
बरं. मंडळांसाठी तेवढी छोटी आवृत्ती वेगळी काढ, तिला कोड वेगळा लागेल. आणि मला पहिले 52 सेकंद पाठव.