धम्मयात्रेचे भाडे विहाराच्या निधीतून द्यावे का?

मूळ मांडणी: उत्तर नागपूरकर

सर्वांना जयभीम. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपला आणि दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली की उत्तर नागपुरात बुद्धस्थळांच्या यात्रांचे फलक लागू लागतात. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनारा (कुशीनगर) ही चार मुख्य स्थळे, जोडीला राजगीर, नालंदा, वैशाली आणि श्रावस्ती, आणि हे सारे दहा-बारा दिवसांत. ज्यांना जायचे आहे त्यांनी स्वतःच्या पैशाने जरूर जावे, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. परंतु आमच्या वस्तीतील विहार समितीपुढे यंदा असा प्रस्ताव आला आहे की, वर्गणी आणि धम्मदानातून जमलेल्या सर्वसाधारण निधीतून प्रत्येक यात्रेकरूचे निम्मे भाडे द्यावे. या प्रस्तावाला माझा विरोध आहे आणि तो का आहे हे येथे सविस्तर लिहितो.

बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरातच जे भाषण केले त्यात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. वस्तीतली माणसे महिन्याकाठी जे देतात ते त्या आज्ञेला स्मरून देतात. तो पैसा प्रवासावर खर्च करायचा असेल, तर त्या प्रवासाने धम्मकार्य कोणते होते हे आधी सांगता आले पाहिजे. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले एका ट्यूबलाइटखाली दोन टेबले जोडून बसतात, आणि पाली व्याकरणाच्या पुस्तकांचे कपाट वाळवीने आतून पोखरले आहे. हे काम बाजूला ठेवून बसभाडे भरावे, असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट या यात्रांच्या स्वरूपाची. मी अशा यात्रेला गेलो आहे. श्रावस्तीला बस पोहोचली तेव्हा अंधारून आले होते. जेतवनातल्या आनंदबोधी या पिंपळाखाली सामूहिक छायाचित्र काढून झाले आणि गंधकुटीचे, म्हणजे बुद्धांच्या निवासकुटीचे, अवशेष कुणी नीट पाहण्याआधीच संयोजकाची शिट्टी वाजली. सारनाथला आम्ही शुक्रवारी उतरलो आणि त्या दिवशी तिथले संग्रहालय बंद असते, हे संयोजकाला ठाऊकच नव्हते. ज्या सिंहशीर्षाची प्रतिमा आपण रोज नोटेवर पाहतो, ते मूळ शिल्प भिंतीपलीकडे होते आणि आमचे यात्रेकरू बाहेर चहा पीत होते. स्थळांच्या नावापुढे एकेक खूण करत जाण्याचा हा प्रकार चारधामाच्या सहलीहून वेगळा कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

आणि तिसरे म्हणजे पवनी. नागपूरहून ऐंशी-एक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वीच्या काळातला भव्य स्तूप उजेडात आला. बुद्धांवर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प तिथे मिळाले. आमच्या यात्रेकरूंच्या यादीतल्या किती जणांनी पवनी पाहिली आहे, असे मी समितीच्या बैठकीत विचारले तेव्हा दोन हात वर झाले.

प्रतिसाद: पालीचा निवृत्त शिक्षक

आपल्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि पहिल्या दोन मुद्द्यांशी अजिबात नाही.

चारधामाशी केलेली तुलना अन्यायाची आहे. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी आपला शिष्य आनंद याला चार स्थाने सांगितली: जिथे तथागतांचा जन्म झाला, जिथे त्यांना संबोधी प्राप्त झाली, जिथे त्यांनी धम्मचक्र प्रवर्तित केले आणि जिथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. श्रद्धावान माणसाने ही स्थाने पाहावीत आणि पाहताना मनात संवेग, म्हणजे धम्माकडे वळवणारी हुरहुर, उत्पन्न व्हावा, असे ते वचन आहे. इथे नदीत बुडी मारून पाप धुण्याचा विषयच नाही. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. बुद्धस्थळांना जाऊ नये असे एकही प्रतिज्ञा सांगत नाही. स्वतः बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतीच्या वाटेवर प्रकृती साथ देत नसतानाही सारनाथला थांबले.

धम्मकार्य कोणते, असे आपण विचारता. त्याचे उत्तर सम्राट अशोकाने कोरून ठेवले आहे. आठव्या शिलालेखात तो म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना, म्हणजे मौजेच्या सफरींना, निघत आणि त्यांत शिकार व तत्सम करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचे हेही त्याने नोंदवले आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्मविषयक विचारपूस. या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याला, १८८२ साली सापडला. लुंबिनीला तो राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी गेला तेव्हा त्याने त्या गावाचा कर कमी करून एक-अष्टमांशावर आणला, आणि तसे तिथल्या स्तंभावर लिहिले आहे. सम्राट आला म्हणून गावाच्या पदरात काहीतरी पडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या बसमधून उतरणारे लोक बिहारच्या खेड्यात कुणाशी बोलतात का? बोलत नसतील तर तो दोष संयोजकाचा आहे, आणि संयोजक बदलता येतो.

शुक्रवारी सारनाथचे संग्रहालय बंद असते एवढे जरी यात्रेआधी कुणी पाहिले असते, तरी आपली अर्धी तक्रार उरली नसती.

प्रतिसाद: महिला मंडळातील एक उपासिका

दोन्ही दादांनी सुत्त आणि शिलालेख आणले, ते बरेच झाले. मला हिशेबाबद्दल बोलायचे आहे.

विहाराचा निधी कुणाच्या पैशाने भरतो? दर पौर्णिमेला वंदनेनंतर डबा फिरतो त्यात नोटा टाकणाऱ्या बहुतांश बायकाच असतात. त्यांच्यातल्या काही जणींचे अर्धे आयुष्य बिड्या वळण्यात गेले, काही अजूनही लोकांच्या घरी धुणीभांडी करतात. माहेर, सासर आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी यापलीकडे त्यांनी काही पाहिलेले नाही. अभ्यासिकेसाठी आजवर याच निधीतून टेबले आली, पंखे आले, तेव्हा कुणी विसाव्या हिश्श्याचा प्रश्न काढला नाही. रात्री नऊनंतर त्या अभ्यासिकेत कोण बसते तेही सांगते: फक्त मुलगे. मुलींना घरून तेवढ्या उशिरापर्यंत थांबू देत नाहीत. मग बायकांनी दिलेल्या पैशातून एकदा बायकांचे भाडे भरले तर धम्मकार्य कुठे बुडते?

मागे आम्ही काही जणी कुशीनाऱ्याला गेलो होतो. महापरिनिर्वाण विहारातल्या त्या सहा मीटर लांबीच्या निजलेल्या मूर्तीवर चीवर (भिक्खूंचे वस्त्र) चढवायचे म्हणून आम्ही घरूनच कापड शिवून नेले होते. माप कुणालाच नक्की ठाऊक नव्हते, त्यामुळे आधी दोन आठवडे वाद चालला, एकदा उसवून पुन्हा शिवले, आणि काठाला सोनेरी पट्टी लावावी की साधी, यावरून दोघींचे बोलणे बंद झाले. प्रत्यक्ष चीवर चढवताना मात्र त्याच दोघी दोन टोके धरून उभ्या होत्या. पुढे चंद्रमणी महास्थविर कुशीनाऱ्यातच राहत होते हे कळले, आणि १९५६ साली नागपुरात येऊन बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील देणारे भंते ते हेच, हे ऐकल्यावर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, “म्हंजे आपलं माहेर इथंबी आहे.” ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना तुमच्या अभ्यासिकेतले कोणते पुस्तक हे देणार होते?

मूळ लेखकाचे उत्तर

सरांनी महापरिनिब्बान सुत्त उद्धृत केले, परंतु त्याच सुत्तात त्या वचनाच्या अगदी आसपास काय आहे तेही वाचकांपुढे यायला हवे. शालवृक्षांची फुले अवेळी उमलून तथागतांच्या देहावर पडू लागली तेव्हा त्यांनी आनंदाला सांगितले की अशाने तथागतांचा खरा सत्कार होत नाही. जो धम्मानुसार आचरण करतो तोच तथागतांचा सर्वोच्च सत्कार करतो. पुढे आनंदाने देहाचे काय करावे असे विचारले, तर उत्तर मिळाले की तुम्ही शरीरपूजेत गुंतू नका, आपल्या हिताच्या साधनेला लागा. शिवाय, ज्या परिच्छेदात चार स्थानांचा उल्लेख आहे त्याच्याच शेवटी असे आश्वासन आहे की चैत्यांची यात्रा करताना प्रसन्न चित्ताने मरण आले तर स्वर्गलोक मिळतो. हे आश्वासन आपण शब्दशः स्वीकारणार आहोत का? नसू, तर त्याच्या आधीची ओळ तेवढी आज्ञा म्हणून पुढे करणे मला पटत नाही.

ताईंचा मुद्दा निराळा आहे आणि त्याला टाळता येणार नाही. परंतु ताई ज्या बायकांविषयी लिहितात त्या यंदाच्या यादीत आहेत कुठे? मी ती यादी पाहिली आहे. त्यात बहुतेक निवृत्तिवेतनधारक दांपत्ये आहेत, दोघांची मुले तर परदेशात नोकरीला आहेत. निम्मे भाडे सरसकट दिले तर ते या लोकांना मिळणार, आणि उरलेले निम्मे भरण्याची ऐपत नसलेली धुणीभांडी करणारी बाई पुन्हा घरीच राहणार.

प्रतिसाद: बोधगयेच्या आंदोलनातला एक कार्यकर्ता

सुत्त आणि हिशेब यांच्यामध्ये एक गोष्ट राहून गेली. महाबोधी महाविहाराचा कारभार आजही १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी, अशी ती रचना आहे. अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, बाकी सांगाडा तोच राहिला. श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपाल १८९१ साली तिथे गेले तेव्हापासूनचा, महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावा यासाठीचा हा लढा आहे, आणि आपल्या इंदोऱ्याच्या बुद्धविहारातून भदंत सुरई ससाई यांनी १९९० च्या दशकात त्याला बळ दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले तेव्हा नागपुरातून माणसे गेली, ती या यात्रांमुळे वाट माहीत झालेली माणसे होती. महाबोधीच्या दाराशी मोबाइल जमा करून आत गेलेल्या, त्या आवारात कुणाच्या पूजा चालतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला कायद्याचे कलम समजावून सांगावे लागत नाही. निधी यात्रेसाठी वापरा असेच माझे मत आहे.

प्रतिसाद: पालीचा निवृत्त शिक्षक

स्वर्गलोकाविषयी थोडक्यात. त्रिपिटकातील वचने तर्काच्या कसोटीवर घासून घ्यावीत ही बाबासाहेबांचीच शिकवण आहे, त्यामुळे एका परिच्छेदातले एक वाक्य स्वीकारून दुसरे बाजूला ठेवणे यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. आपणही शालफुलांचे वाक्य उचलताना नेमके तेच केले आहे, कारण त्याच वेळी आकाशातून दिव्य मंदारपुष्पेही पडली असे तिथे लिहिले आहे आणि आपण ते गाळले.

पवनीबद्दल माझी सूचना अशी की, बोधगयेला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी एका रविवारी पवनीला यावे आणि तिथे टेकडीवर बसून महापरिनिब्बान सुत्ताचे मराठी वाचन करावे. एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. शिकवायला मी विनामूल्य येईन.

प्रतिसाद: महिला मंडळातील एक उपासिका

यादी मीही पाहिली. दादांचे म्हणणे खरे आहे, म्हणून दुरुस्ती सुचवते: सर्वांना निम्मे भाडे देण्याऐवजी तेवढ्याच रकमेत निम्म्या माणसांना पूर्ण भाडे द्यावे, आणि ती माणसे कोण हे पेन्शन नसलेल्या बायकांपासून मोजायला सुरुवात करून ठरवावे. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी स्वखर्चाने यावे, बसमध्ये जागा आहेच. पवनीला आम्ही सगळ्या येऊ, पण रविवार नको. रविवारी कामाच्या घरी पाहुणे असतात आणि सुटी मिळत नाही. सरांनी दुसरा वार सांगावा.