कोकणातल्या बंद घराभोवती कमी देखभालीची बाग: सल्ला हवा आहे

मंडळी,

दापोली तालुक्यात समुद्रापासून जवळच आमचं घर आहे. आई-बाबा आता ठाण्याला आमच्याकडे असतात, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घराला कुलूप. घराभोवती चारेक गुंठे जागा मोकळी आहे. तिथे आम्ही नसतानाही तग धरेल अशी बाग करायची आहे. शेजारच्या काकू उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घालायला तयार आहेत, त्याहून जास्त त्यांच्या गळ्यात घालणं बरं दिसत नाही.

वर जेमतेम फूटभर माती, खाली जांभा. मे महिन्यात गड्याकडून पहारीने एक खड्डा खणून घेतला होता. गणपतीत पाहिलं तर काठोकाठ पाणी आणि आत बेडूक. शिमग्याला त्याच खड्ड्याच्या कडा उघड्यावर वाळून दगडासारख्या टणक झाल्या होत्या. पश्चिमेकडून खारा वारा येतो. 2020 च्या निसर्ग वादळात मागच्या पोफळी आडव्या झाल्या, दोन माड तेवढे वाचले.

बागेचं डिझाइन करणाऱ्या एकाने लॉन सुचवली. श्रावणात तिथे कमरेएवढं रान माजणार आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी प्यायलाच पुरत नाही, मग लॉन कोणासाठी? भाऊ म्हणतो, सरळ पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे व्हा. म्हणजे उन्हाळ्यात तापायचं आणि पावसात शेवाळावरून घसरायचं!

माझ्या डोक्यात असं आहे: पश्चिमेच्या गडग्यालगत वाऱ्याला आड म्हणून उंडी आणि करवंदी. बाकी कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी, कारण भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात आणि या दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. शेराचं कुंपण नको, मुलांच्या डोळ्यात चीक जायची भीती. मागे दोन रातांबे (कोकम) आणि एक बकूळ. पुढे तगर, जास्वंद आणि आईची अट म्हणून अबोली. चालायला जांभ्याचे चिरे.

विचारायचं आहे ते असं: जांभ्यात खड्डा कसा करावा? रातांब्याची रोपं लावावीत की कलमं? आणि वानरं जास्वंदीच्या कळ्या ठेवतील का?

प्रतिसाद

रातांब्याची कलमंच घ्या. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळेपर्यंत कित्येक वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात आहे, तिची चौकशी करा.

खड्डा निदान दोन-अडीच फूट हवा आणि उताराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या, नाहीतर मुळं कुजतील. लागवड मृगाच्या एक-दोन चांगल्या सरी पडल्यावर. पहिले दोन-तीन उन्हाळेच जड जातात. आळ्यात तळाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा, काकूंनी ते भरलं की पाणी झिरपत राहील. पाऊस संपला की नारळाची सोडणं आणि पातेरा आळ्यात पसरा, पण बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते.

उंडी चांगलीच पसरते, तुमच्या जागेत एकच पुरे.

वानरांचं म्हणाल तर कळ्या त्यांच्या, उरतील त्या देवाच्या.

धागाकर्ता

मडक्याचं पटलं, काकूंनाही सोपं जाईल. आता बकुळीचं सांगा कोणीतरी: विहिरीपासून किती लांब लावावी?