पिटमध्ये उतरणं वेगळं, ओढलं जाणं वेगळं

गराडूप्रेमी:
शनिवारी इंदूरात मेटल गिगला, म्हणजे हेवी मेटलच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मावसबहीण पहिल्यांदाच आलेली, खांबाला टेकून उभी. ब्रेकडाउन (गाण्यातला संथ, जड ठोक्यांचा भाग) सुरू झालं, पिट, म्हणजे स्टेजपुढची धक्के देत नाचायची जागा, उघडला आणि एका पोराने तिचं मनगट धरून आत ओढलं. दोनदा 'नको' म्हणाली. ड्रमच्या डबल बेसपुढे कोणाला ऐकू जाणार? घड्याळाचा पट्टा तुटला. पोरगा वर म्हणतो, "भिया, मेटल आहे, भजन थोडंच आहे!" पिटमध्ये उतरला त्याने धक्के कबूल केले. खांबापाशी उभा आहे त्याने नाही.

बेसवाला:
अति करतोयस. पडलेल्याला उचलायचं, हा पिटचा नियम सगळे पाळतात. आता धक्क्यासाठी अर्ज भरून घ्यायचा का? रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, रंग उडवणारी मिरवणूक, निघते, तेव्हा कोण विचारतं?

गराडूप्रेमी:
गेरचंच घे. आमची आजी दरवर्षी गॅलरीतून बघायची. खाली उतरला तो भिजणारच. पण जिना चढून तिला रंगवायला कोणी आलं नाही कधी.

काळाटीशर्ट:
मी बाई आहे, पंधरा वर्षं पिटमध्ये जातेय. पडलं की दहा हात उचलायला येतात, खरंय. त्यातले एक-दोन कुठे फिरतात तेही माहीत आहे. धक्का खांद्याने लागतो, कोपराने लागतो. पंजाने लागत नाही.
आणि पिटमध्ये असा हात 'चालतंच' म्हणून सोडायचा नाही हो. विनयभंगाच्या हेतूने केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 74 आहे, पूर्वीच्या दंड संहितेचं 354.

बेसवाला:
ताई, पंजाचा मुद्दा मान्य. पण मनगट धरणं त्यात बसत नाही, तो उत्साहात होता. आपल्याकडे गिग होतात किती? तक्रार झाली की हॉटेलवाला पुढची तारीख देत नाही. मग बसा हेडफोन लावून.

काळाटीशर्ट:
म्हणजे तारीख टिकावी म्हणून पोरींनी मनगट चोळत बसायचं? न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याने 2014 मध्ये 'कॉस्प्ले (पात्रांसारखी वेशभूषा) म्हणजे संमती नव्हे' असे फलक लावले. कॉमिक कॉन काही बंद पडलं नाही.

बेसवाला:
ते न्यूयॉर्क आहे. इथे फलक लावला तर लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतील.

गराडूप्रेमी:
काढू देत. वाचतील तरी.
बहिणीला हे सगळं दाखवलं. म्हणाली, "तिसऱ्या गाण्याला मी स्वतःच जाणार होते रे. बुटांच्या नाड्याही घट्ट बांधल्या होत्या."