मदत हवी आहे: ब्रायडल लेदरच्या पट्ट्याची कड सोलते, वर पांढरं येतं

नमस्कार मंडळी,
नागपुरात ४ मिमी जाडीच्या ब्रायडल लेदरचे (घोड्याच्या लगामाचं चामडं) ३८ मिमी रुंद कमरेचे पट्टे हाताने बनवतो. कडेचा ॲक्रिलिक एज पेंट बकलजवळ वाकला की पापुद्र्यासारखा सुटतो. थंडीत पट्ट्यांवर पांढरा थर आला, ती बुरशी असेल का? बकलची घडीही सोल्यूशन (चिकटवायचा रबरी गोंद) सोडते. तेच सोल्यूशन साध्या व्हेज टॅन (झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेल्या) चामड्यावर पक्कं बसतं. माल एप्रिलमध्ये द्यायचाय, उन्हाळ्यात शर्टाला डाग पडायला नकोत.

प्रतिसाद १
भाऊ, सगळ्याचं मूळ एकच, चामड्यातली चरबी. ब्रायडल लेदर सालीच्या अर्कात कमावतात आणि मग त्यात चरबी, मेण, तेल दोन्ही बाजूंनी जिरवतात. घोड्याच्या लगामाला घाम-पाऊस लागतो, त्यासाठीचं हे चामडं. पाण्यात कालवलेला पेंट त्यात शिरत नाही, वरवर बसतो आणि वाकवलं की सुटतो. पेंटचा नाद सोडाच.

जुना पेंट पूर्ण खरवडून काढा. दोन्ही बाजूंच्या धारा २ नंबरच्या बेव्हलरने उतरवा. मग पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून २२०, ४००, ६०० असा कोरडाच चालवा. २२० वर घाई केली तर पुढे कितीही घासा, रेषा दिसतातच. रंग स्पिरिटमधला घ्या, तो चरबीतूनही आत जातो. वाळला की कड बोटाने जेमतेम ओलसर करून गोंद लावा आणि जाड कॅनव्हासने कड गरम लागेपर्यंत घासा. शेवटी मधमाशीच्या मेणाची वडी कडेवर ओढा, ड्रायरने मेण वितळवून आत मुरवा, सुती कापडाने चकाकी आणा. पाणी जास्त झालं तर तंतू फुगून कड केसाळ होते, तेवढं जपा.

घडीसाठी बकलकडचा साधारण १० सेंमी भाग आतून रापीने २ ते २.५ मिमीपर्यंत उतरवा, त्याहून पातळ नको. चिकटणाऱ्या दोन्ही बाजू ८० च्या पेपरने खरवडून मेणाचा थर काढा. सिंथेटिक रबरचं सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. तरी भार शिवणीवरच ठेवा: ०.८ मिमीचा मेणाचा दोरा, ४ मिमी अंतर, दोन सुयांची शिवण.

प्रतिसाद २
पांढऱ्या थराबद्दल. ड्रायर कमी आचेवर ठेवून एका जागी गरम करून बघा. विरघळून आत गेला, तर ती चरबी आणि मेण. चांगल्या ब्रायडल लेदरवर ते येतंच. तसाच राहिला, लव दिसली, कुबट वास आला तर बुरशी. मग समभाग स्पिरिट-पाण्याने पुसून सावलीत वाळवा. स्पिरिटने रंग उतरतो का, ते आधी आतल्या बाजूला तपासा.

डागांची भीती रास्त आहे. गुरांची चरबी ४० ते ५० अंशांच्या दरम्यान वितळते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. उन्हातल्या गाडीत पट्टा राहिला की चरबी पाझरणारच. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून कडेला मेणच हवं. वरून तेल किंवा कंडिशनर अजिबात लावू नका. चामडं आधीच भरलेलं आहे, जास्तीच्या तेलाने पट्टा लांबतो. माल देण्याआधी पट्टा कोमट करा, सुटलेली चरबी पुसा आणि पांढरं कापड दोन्ही बाजूंनी जोर लावून घासा. कापडावर काही आलं तर पुन्हा तेच.

धागाकर्ता
आभार दोघांचेही. कडेच्या गोंदासाठी ट्रॅगाकॅन्थ मागवू की साधा कतिरा चालेल?

प्रतिसाद १
कतिरा चालतो. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात विचारा. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, फ्रिजमध्ये ठेवा. आंबट वास आला की फेकून नवा करा.