युरोपीय मध्ययुगाच्या एम.ए.ला लॅटिन सक्तीचं असावं का?

शाईदौत:
मध्ययुगीन आणि आरंभीच्या आधुनिक युरोपच्या संस्कृतीवर एम.ए. करायचं तर लॅटिन आणि जुनी हस्ताक्षरं पहिल्याच सत्रात सक्तीची हवीत, असं माझं ठाम मत आहे. मोडी न येता पेशवे दफ्तरावर संशोधन करू म्हणणाऱ्याला पुण्यात कोणी दारात उभं करणार नाही. मग युरोपच्या बाबतीतच भाषांतरावर का भागवायचं? गॉथिक लिपीत, म्हणजे मध्ययुगातल्या हस्तलिखितांच्या टोकदार अक्षरांत, आय, एन, एम, यू ही अक्षरं एकाच आखूड उभ्या रेघेची बनतात, आयवर टिंबही बहुधा नसतं. ‘मिनिमुम’ लिहिलं की ओळीने १५ सारख्या रेघा! त्यात शब्द आखूड करायच्या खुणा. ‘पी’च्या दांडीला खाली आडवी रेघ म्हणजे ‘पेर’, दांडीतून डावीकडे वळसा म्हणजे ‘प्रो’, डोक्यावर रेघ म्हणजे ‘प्रे’. पुढे कोणती विभक्ती यायला हवी हे कळलं तरच या रेघा सुटतात. त्यामुळे लिपी शिकवा आणि भाषा सोडा, असं करताच येत नाही.

खडूफळा:
असहमत. ब्रिटनमधलं एम.ए. साधारण एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं. त्यातले ६०च्या आसपास प्रबंधाला जातात. उरलेल्यात भाषा आणि लिपी दोन्ही कोंबल्या तर चित्रकला, धर्म, छपाई, बाजारपेठा कधी वाचायच्या? शिवाय १५५० नंतरच्या इंग्लंडवर काम करणाऱ्याचे कागद बरेचसे इंग्रजीत असतात. मयताच्या घरातल्या सामानाच्या याद्या घ्या. अडचण येते ती सेक्रेटरी लिपीची, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षराची. तिच्यातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो, ‘एच’ची शेपटी ओळीखाली लोंबते. आकडे रोमन, आणि चारच्या डोक्यावर बारीक ‘एक्सएक्स’ काढलेलं असतं. त्याचा अर्थ चार विसा, म्हणजे ८०. नवखा विद्यार्थी २४ लिहून मोकळा होतो आणि मेंढ्यांचा अख्खा कळप चुकतो. लिपी सक्तीची करा, कबूल. लॅटिन ज्याला लागेल त्याने घ्यावं.

शाईदौत:
इंग्लंडच्या न्यायालयांचे औपचारिक दस्त १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच होते. मध्ये १६५० ते १६६० एवढाच खंड. ते सोडून देऊन सतराव्या शतकाचा समाज कसा समजणार?

खडूफळा:
ते दस्त ठरावीक साच्याचे असतात. कोणत्या जागी नाव, कोणत्या जागी गाव, कुठे रक्कम हे साचे पाठ केले की कामापुरतं वाचता येतं. त्याच्या कितीतरी आधी कालगणना शिकवा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली जानेवारी १६६४ मध्ये, पण जुन्या इंग्रजी हिशेबाने ते साल १६६३. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांशी ताडून पाहताना आणखी १० दिवसांचा फरक, कारण पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगरीचं पंचांग, म्हणजे आजचं कॅलेंडर, स्वीकारलं होतं आणि इंग्लंड जुन्यावरच होतं. हा घोळ लॅटिन येऊनही टळत नाही.

दर्यावर्दी:
गोव्याचा विषय निघालाच आहे तर गार्सिया द ऑर्ता या तिथल्या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक बघा. १५६३ मध्ये गोव्यात पोर्तुगीजमध्ये छापलं गेलेलं, ऑर्ता आणि रुआनो नावाचं काल्पनिक पात्र यांच्या संवादातून औषधी वनस्पती सांगणारं. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पमध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला. संवाद गेला, रुआनोच्या शंका गेल्या, उरली नुसती माहिती. युरोपभरच्या वैद्यांनी वाचलं ते मुख्यतः हेच रूप. म्हणजे पुस्तकाचा प्रसार अभ्यासायचा तर लॅटिन हवंच, याबाबत मी शाईदौत यांच्या बाजूने. पण नुसत्या लॅटिनवर विसंबलात तर ऑर्ता शंका कशा उपस्थित करतो, जुन्या ग्रीक ग्रंथकारांना कसा खोडून काढतो, तो सगळा वादाचा रंग हातचा जातो. माझ्या मते सक्ती भाषेची असावी. ती कोणती, हे प्रबंधाच्या विषयावरून पहिल्या महिन्यात ठरवावं.

शाईदौत:
पहिल्या महिन्यात कोणाचा विषय पक्का असतो? लॅटिन आलं की पोर्तुगीज, इटालियन वाचायला सोपी जातात. उलट्या दिशेने तसं होत नाही, कारण नामांच्या विभक्ती त्या भाषांत गळून गेल्या आहेत. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तर शाळेतलं संस्कृत इथे थेट उपयोगी पडतं. ‘देवः, देवम्, देवेन’ पाठ असणाऱ्याला कर्ता वाक्याच्या शेवटी आला म्हणून गोंधळायला होत नाही.